व्यवसायनिवड : घरात न मिळालेला धडा

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि त्याच गर्दीत कोणीतरी विचारते, "आता पुढे काय?" मुलगा "सायन्स" म्हणतो, वडील मान डोलावतात, आम्ही शिक्षक पाठीवर हात ठेवतो. या तीन क्रियांना आपण आजवर निर्णय म्हणत आलो. पाच-सहा वर्षांनी तोच मुलगा पदवी हातात घेऊन पुन्हा त्याच प्रश्नापुढे उभा राहतो. तेव्हा मात्र त्याच्यापाशी उत्तर नसते आणि विचारणाऱ्यांचा धीरही सुटलेला असतो. "एवढे शिकून काय केलेस?" हा प्रश्न त्याला घरी, विहारात, लग्नसमारंभात ऐकावा लागतो.

मुले गोंधळलेली आहेत, त्यांना ध्येय नाही, मोबाईलने बिघडवले, असे निदान सर्रास केले जाते. आम्हांला ते मान्य नाही. आपल्या मुलांची अडचण समजून घ्यायची तर आपल्या घरांचा इतिहास पाहावा लागतो.

'व्यवसाय निवडणे' ही क्रियाच आपल्या घरांत नवी आहे. आपल्या पणजोबांना काम निवडायचे नव्हते; ते जन्माबरोबर ठरलेले होते. जातिव्यवस्था ही केवळ कामांची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंडीत केलेली वाटणी आहे, आणि त्या वाटणीत माणसाच्या कलाला अथवा इच्छेला स्थान नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध त्यांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले. प्रत्यक्षात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. त्या काळी गाव सोडून मुंबईला जाणे हीच काय ती निवड होती. तेथेही धागा तोंडाने ओढावा लागतो या कारणावरून गिरण्यांच्या विणकाम खात्याचे दार बंद होते, आणि पगार त्याच खात्यात अधिक होता. पुढे गिरणी, रेल्वे, गोदी, लष्कर, दारूगोळा कारखाना, नगरपालिका, आणि शिकलेल्यांसाठी सरकारी कचेरी व शाळा, एवढी यादी तयार झाली. या यादीने आपली घरे उभी केली, हे विसरून चालणार नाही. परंतु १९८२ च्या संपानंतर गिरण्या संपत गेल्या, १९९१ नंतर सरकारी भरती आटत गेली, कंत्राटी कामे वाढली. यादी मात्र आपल्या मनात तीच राहिली.

म्हणून आमचा अनुभव असा, की मुलगा निर्णय घेत नाही असे क्वचितच घडते. तो फार लहान यादीतून, फार उशिरा आणि एकट्याने निर्णय घेतो. घरचा विरोध हा आता फारसा प्रश्न नाही. "तुला काय वाटेल ते कर, आम्हांला त्यातले कळत नाही," असे आई-वडील प्रेमाने म्हणतात. दुसऱ्या एखाद्या घरात जेवताना काका लेखापरीक्षणाच्या गोष्टी सांगतात, मावशी प्रयोगशाळेतील तक्रारी सांगते; तेथील मूल दहा व्यवसाय कानावरून ओळखत मोठे होते. आपल्या मुलाला मिळालेले स्वातंत्र्य खरे असते, पण त्यासोबत माहिती नसते.

येथे आमची एक चूक सांगणे भाग आहे. अनेक वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक विद्यार्थी वसतिगृहाची पाण्याची मोटार बिघडली की सर्वांत आधी तिच्यापाशी पोहोचत असे. वायरमन येईपर्यंत त्याने दोष शोधून ठेवलेला असे. दहावीला त्याला ८४ टक्के मिळाले. त्याचे वडील सालगडी. आम्ही त्यांना सांगितले, "एवढे गुण आहेत, सायन्सलाच घाला, सगळ्या वाटा मोकळ्या राहतील." दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेऊन पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, हे आम्हांला ठाऊक होते. तरीही आम्ही ते सुचवले नाही. तंत्रनिकेतन आणि आयटीआय ही कमी गुणांच्या मुलांची जागा, अशी आमची समजूत होती. हाताचे काम जातीने लादले, त्यामुळे हातानेच करायच्या कामाविषयी आपल्या मनात एक अढी बसली आहे; ती समजण्यासारखी आहे, पण मोटारीचा दोष शोधणारी बुद्धी तिच्यापायी आम्ही वाया घालवली. बारावीत तो प्रवेश परीक्षेत मागे पडला, तालुक्याच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. झाला आणि पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जाऊन बसला.

तीन वर्षांनी तो वडिलांसह भेटायला आला. वडील म्हणाले, "सर, आणखी किती वर्षं लागतील ते तुम्हीच सांगा." मुलगा खाली पाहत होता. नंतर एकटा असताना तो म्हणाला, "सर, मला अधिकारी व्हायचंच होतं असं नाही. पण अभ्यास चालू आहे म्हटलं की कोणी काही विचारत नाही."

हे वाक्य आम्हांला अनेक संशोधनांपेक्षा अधिक शिकवून गेले. स्पर्धा परीक्षेला आमचा विरोध नाही. प्रशासनात आपली माणसे गेलीच पाहिजेत. पण ठरवून तयारी करणारा आणि ठरवता येत नाही म्हणून तयारीत आसरा घेणारा, असे दोन विद्यार्थी एकाच अभ्यासिकेत शेजारी बसलेले असतात. राज्यसेवेसाठी मागासवर्गीय उमेदवारांची वयोमर्यादा ४३ वर्षे आहे. पहिल्यासाठी ती सवलत आहे. दुसऱ्यासाठी तिचाच सापळा होतो.

वाट बदलणे एवढे कठीण का, याला आर्थिक कारणही आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांनुसार एका स्तरावरील पदवी पूर्ण करून त्याच स्तरावरील दुसऱ्या विषयाची पदवी घेऊ पाहणाऱ्यास, उदाहरणार्थ बी.ए. नंतर बी.कॉम. करणाऱ्यास, शिष्यवृत्ती मिळत नाही. सुखवस्तू घरातील मुलाची चूक त्याचे वडील एका वर्षाच्या शुल्कात दुरुस्त करतात. आपल्या मुलाला ती एकदाच करता येते. त्यातून भीती येते, आणि भ्यालेला विद्यार्थी सर्वांत ओळखीची वाट धरतो. मुलींच्या बाबतीत तर मुदतच थोडी असते. पदवीच्या दुसऱ्या वर्षी स्थळे येऊ लागतात आणि 'गावाजवळचे महाविद्यालय' हाच विषय निवडण्याचा निकष होऊन बसतो.

या संदर्भात आपण बाबासाहेबांचे विद्यार्थीजीवन पुन्हा वाचावे, असे आम्ही सुचवतो. आपण त्यांच्या पदव्यांची यादी मुलांना पाठ करायला लावतो आणि त्यामुळे ती वाट सरळ होती असा समज होतो. १९१३ मध्ये बडोदा संस्थानची तीन वर्षांची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली ती दहा वर्षे नोकरीच्या अटीवर. लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून १९१७ मध्ये परतावे लागले. बडोद्यात अधिकारपद मिळाले, पण राहायला जागा मिळू दिली गेली नाही. मुंबईत त्यांनी गुंतवणूकविषयक सल्ल्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक येईनासे झाले. १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली, तीही १९२० मध्ये सोडली आणि बचत, शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या मित्राचे कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये परतले तेव्हा त्यांचे वय ३२ होते. बंद झालेली दारे, सोडलेली चांगली नोकरी, मित्राचे कर्ज : हा भाग आपण मुलांना सांगत नाही. तो सांगितला तर वाट बदलणाऱ्या मुलाला आपण अपयशी ठरलो असे वाटणार नाही.

केसपुत्तच्या कालामांना भगवान बुद्धांनी ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा केवळ गुरू सांगतो म्हणून विश्वास न ठेवता स्वतः पडताळून पाहण्यास सांगितले. व्यवसायाला हाच नियम लावावा. 'नर्सिंगला मागणी आहे', 'कॉम्प्युटरला स्कोप आहे' ही सारी ऐकीव वाक्ये आहेत. मुलाने रुग्णालयात, न्यायालयात, कारखान्यात, बँकेत त्या कामावरील माणसासोबत चार दिवस काढावेत. सकाळी किती वाजता जावे लागते, पहिला पगार किती, कंटाळा कशाचा येतो, हे विचारावे. सिगालोवाद सुत्तात मुलास शिल्प, म्हणजे पोट भरण्याची विद्या, शिकविणे हे आई-वडिलांचे कर्तव्य सांगितले आहे. ज्या आई-वडिलांना ती विद्या मिळूच दिली नाही, त्यांच्या वतीने ते कर्तव्य समाजाकडे येते.

आधुनिक व्यवसाय मार्गदर्शनाचा आरंभही गरिबांच्या वस्तीतलाच आहे. अमेरिकेतील बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये स्थलांतरित व कामकरी तरुणांसाठी असे कार्यालय उघडले. त्यांचे म्हणणे साधे होते : स्वतःला ओळखा, व्यवसायांची माहिती मिळवा, मग दोहोंचा मेळ घाला. आपल्याकडे पहिल्या गोष्टीवर भाषणे होतात. दुसरी गोष्ट मात्र कोणी पुरवत नाही, आणि ती या स्मरणिकेच्या वाचकांपाशीच आहे.

आता कागदपत्रांविषयी थोडे. जात पडताळणी प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी-बारावीतच करावा; ऐन प्रवेशाच्या वेळी ते नसल्याने हातची जागा जाते. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. तिचा विचार पदवीच्या पहिल्या वर्षीच सुरू करावा.

वसतिगृहाच्या कार्यालयात आम्ही एक वही ठेवली आहे. माजी विद्यार्थ्यांनी तीत आपले नाव, काम, कामाचे ठिकाण आणि कोणत्या रविवारी मुलांशी बोलायला येता येईल, एवढे लिहावे. शेवटचा रकाना 'मध्येच सोडलेले शिक्षण अथवा काम' असा आहे, तोही भरावा. मोटार दुरुस्त करणारा तो विद्यार्थी आज एका साखर कारखान्याच्या विद्युत विभागात आहे. आयटीआय त्याने वयाच्या २७ व्या वर्षी केले. वहीतील पहिली नोंद त्याची आहे.