स्वयंपाकघराची मांडणी

घर दुरुस्तीस काढलें म्हणजे स्वयंपाकघराची पाळी बहुधा शेवटीं येते, आणि तेव्हांही पहिला प्रश्न निघतो तो कपाटांच्या रंगाचा. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे. विद्यार्थिमित्रांनीं एखादे दिवशीं स्वयंपाकघराच्या दारांत बसावें, व आई पाण्यापासून शेगडीकडे आणि शेगडीपासून डब्यांकडे किती वेळां जाते हें कागदावर टिपून घ्यावें.

पाश्चात्य देशांत गेल्या शतकाच्या आरंभीं अशींच पावलें मोजण्यांत आलीं. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुशिल्पी बाईंनीं १९२६ सालीं फ्रांकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठीं जें स्वयंपाकघर आंखलें, त्याच्या मुळाशीं हाच हिशेब होता. पुढें असा दंडक पडला कीं, शेगडी, मोरी व साठवणीची जागा हे तीन बिंदु जोडले असतां होणाऱ्या त्रिकोणाच्या बाजूंची बेरीज १३ ते २६ फूट असावी. ओट्याची उंची गवंड्याच्या सवयीवर सोडूं नये. काम करणारीच्या कोपराखालीं ४ ते ६ इंचांवर ओटा यावा.

परंतु परक्या नमुन्यास आपली आखाजी ठाऊक नाहीं! जळगांव-धुळ्याकडे त्या सणास खापरावरची पुरणाची पोळी होते. ती लाटण्यानें लाटीत नाहींत. दोन्ही हातांवर, थेट कोपरांपर्यंत झेलीत वाढवितात, व पालथ्या खापरावर टाकतात. तिला दोहों बाजूंस मोकळी जागा हवी, आणि डोक्याशीं कपाट तर नकोच. आम्हीं एका घरीं भिंतभर नवीं कपाटें पाहिलीं. खापरास मात्र कोठेंच थारा नव्हता. घरच्या आजीबाई वैशाखाच्या उन्हांत, मागील अंगणांत तीन विटा मांडून पोळ्या करीत होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. आराखडा काढतांना त्यांना कोणीं विचारलेंही नव्हतें.

भरिताचीं वांगीं कपाशीच्या काड्यांवर भाजावयाचीं तर तो धूर अंगणांतच शोभतो. तेव्हां मागील दाराशीं छपराचा एक कोपरा चूल व खापर यांसाठीं राखावा.

जुन्या धाब्याच्या घरांत जाड मातीची भिंत हेंच कपाट असे. कोनाडा व फडताळ तिच्या पोटांत मावत. आजची विटेची भिंत तितकी जाड नसते, म्हणून कपाटें वेगळीं करावीं लागतात. भुशाच्या दाबीव फळ्या स्वस्त पडतात खऱ्या, पण पाणी लागतांच फुगतात. मोरीजवळ त्या वापरूंच नयेत. ओट्याखालीं कडाप्प्याचे कप्पे घातल्यास ओल व वाळवी या दोहोंची चिंता नाहीं. लांकडी कपाट जमिनीपासून चार बोटें उचललेलें असावें. गॅसचें सिलिंडर बंद कप्प्यांत ठेवावयाचें असेल तर दारास तळाशीं झरोके अवश्य ठेवावे, कारण हा वायु हवेहून जड असल्यामुळें गळला तर खालींच सांचतो.

इतकें ठरल्यावर माळ्यावरचें खापर खालीं काढून त्याचा व्यास मोजावा, आणि मग सुतारास बोलवावें.