शरीराच्या मापाची सायकल

म्हैसूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 770 मीटर उंचीवर वसलेले आहे. शेजारच्या चामुंडी टेकडीचा माथा मात्र 1,000 मीटरांहून उंच आहे. शहरातील सपाट रस्त्यांवर सायकलीचे दोष फारसे जाणवत नाहीत. टेकडी चढू लागताच गुडघे दुखतात आणि उतरताना बोटे बधिर होतात. पुष्कळांना हा आपल्याच शरीराचा दुबळेपणा वाटतो. वस्तुतः अनेकदा दोष शरीराचा नसून मापाचा असतो.

सायकल निवडताना प्रथम सांगाड्याचा, म्हणजेच फ्रेमचा विचार करावा. सीट, हँडल, टायर व गिअर पुढे बदलता येतात. फ्रेमच्या नळ्यांची लांबी मात्र कायमची ठरलेली असते. सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर जास्त असल्यास कोपरे ताठ राहतात, शरीराचा भार तळहातांवर येतो आणि तेथील मज्जातंतू दाबला जाऊन करंगळी व अनामिका बधिर होतात. मूल पुढे वाढेल म्हणून मोठी सायकल घेण्याची आपल्याकडील रीत या दृष्टीने हितावह नाही.

यानंतर सीटची उंची ठरवावी. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे, पायांमध्ये एक पुस्तक वर घट्ट धरावे आणि त्याच्या वरच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजावी. या मापाला 0.883 ने गुणावे. पॅडलच्या दांड्या ज्या आसाभोवती फिरतात, त्याच्या मध्यापासून सीटच्या पृष्ठभागापर्यंत साधारणपणे इतके अंतर असावे. माप 80 सेंटिमीटर भरले, तर हे अंतर 70.6 सेंटिमीटर होईल. सीट फार खाली असल्यास गुडघ्याच्या पुढील भागावर ताण पडतो. फार वर असल्यास कंबर डोलू लागते.

चढासाठी गिअरचे गणितही समजून घेतले पाहिजे. समोर 48 व मागे 18 दातांचे चक्र असेल आणि चाकाचा परीघ 2.1 मीटर असेल, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल 5.6 मीटर पुढे जाते. 34 व 32 दातांच्या जोडीने हेच अंतर सुमारे 2.2 मीटर होते. चढ तोच राहतो. परंतु प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोर निम्म्याहून कमी होतो.

खडबडीत रस्त्यावर रुंद टायर सुखकर ठरतात, कारण त्यांत हवेचा दाब थोडा कमी ठेवता येतो. मात्र तेवढी जागा फ्रेममध्ये आहे की नाही, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

म्हैसूर येथे 2017 साली ‘ट्रिण ट्रिण’ ही सार्वजनिक सायकल-योजना सुरू झाली. अशा भाड्याच्या सायकलीवर अल्प अंतरासाठी सीट वरखाली केली तरी काम भागते. रोज तासन्‌तास चालवावयाची सायकल मात्र रंग किंवा किंमत पाहून नव्हे, तर आधी स्वतःचे माप घेऊन मगच निवडली पाहिजे.