नवं शिकलीस, आता जुन्या दारानं जा

पोरी, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स संपला की नोकरी लागते असं तुला ज्यानं सांगितलं, तो क्लासवालाच असणार. त्याचं काम फी घेईपर्यंत. त्यापुढचं शहाणपण धंदा बदललेल्या माणसांकडूनच ऐकायला मिळतं आणि आपल्या घरात तसा माणूस मीच. म्हणून सांगतो. पटेल तेवढं घे, बाकीचं तुझ्या काकूला परत कर.

मी खिळे जुळवणारा, हे तुला माहीत आहे. अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीत केससमोर उभं राहून, हातात स्टिक धरून अर्धी नोकरी गेली. मग नव्वदीत डीटीपी आलं आणि छापखान्यांनी शिशाचे खिळे किलोच्या भावानं विकले. मी पेजमेकर शिकलो, श्रीलिपी शिकलो. शिकणं अवघड गेलं नाही. अवघड गेलं ते पुढचं. ज्या दुकानात जावं तिथे विशीतली मुलं बसलेली, त्यांचा वेग माझ्या दुप्पट आणि पगाराची अपेक्षा माझ्या निम्मी. त्यांच्या रांगेत उभा राहिलो असतो तर आजही तिथेच असतो. पहिलं काम मिळालं ते जुन्या ओळखीच्या एका प्रकाशकाकडून. शालेय गाइडं काढायचा. संगणक चालवणारे त्याला पन्नास मिळाले असते. पण ज्याच्या पानात ऱ्हस्वदीर्घाची चूक राहत नाही असा माणूस त्याला हवा होता. शुद्धलेखनाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२ साली आलेले चार, असे अठराही नियम माझ्या बोटांत होते. ती बोटं खिळ्यांवर घडली आणि चालली कीबोर्डवर.

माझं मुख्य सांगणं एवढंच आहे, बाकी सगळी त्याची फोड. नव्या धंद्यातलं पहिलं काम जुन्या धंद्याच्या दारातून येतं. तू मात्र नेमकं ते दार बंद करून बसली आहेस. तुझा बायोडेटा मी वाचला. त्यात नऊ वर्षांची शिक्षकी एका ओळीत उरकली आहे, तीही शेवटच्या पानावर, आणि वर मोठ्या अक्षरात ‘मॅन्युअल टेस्टिंग, सेलेनियम, जिरा’. अगं, हे तीन शब्द लिहिणारी बावीस वर्षांची इंजिनिअर पोरं हिंजवडीत पावलोपावली भेटतात. त्यांच्या आणि तुझ्या कागदात फरक काय? तर तुझं वय जास्त. झालं!

आता तुझ्याकडे जे आहे आणि त्या पोरांकडे नाही, ते बघ. यू-डायसची माहिती भरायच्या शेवटच्या दिवशी शाळेच्या ऑफिसात काय रणकंदन होतं, ते तू पाहिलंस. जनरल रजिस्टरमधलं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, म्हणून मूल ‘सरल’वर अडकून पडतं, हे तुला ठाऊक आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख अक्षरी लिहावी लागते, आणि एकदा चुकली की पुढे दहावीच्या फॉर्मपर्यंत ती चूक पोराचा पाठलाग करते. आरटीईच्या पंचवीस टक्के प्रवेशांची कागदपत्रं तू स्वतः तपासली आहेस. पहिलीत वडिलांच्या नावानं आलेली मुलगी आईबाप वेगळे झाल्यावर आईच्या नावानं लिहायची, तर सॉफ्टवेअर कुठे कुठे अडतं हे कुठल्या क्लासात शिकवतात?

पुण्यात शाळांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या छोट्या छोट्या कंपन्या आहेत. फी, हजेरी, निकालपत्रक, दाखला, पालकांना मेसेज. दहा-वीस माणसांची ऑफिसं, जाहिराती फारशा देत नाहीत. त्यांची नावं शोधायची पद्धत सांगतो. ओळखीच्या शाळांमधल्या क्लार्कना फोन कर. मुख्याध्यापकांना नंतर, आधी क्लार्कना. ‘तुमच्याकडे कुठलं सॉफ्टवेअर आहे, त्रास काय होतो?’ एवढंच विचार. क्लार्क तासभर बोलेल, कारण त्याला हे आजवर कुणी विचारलेलंच नसतं. त्याचं गाऱ्हाणं लिहून घे. मग त्या कंपनीला पत्र पाठव, पण त्यात ‘मला नोकरी हवी आहे’ ही ओळ सर्वांत शेवटी. आधी लिही की तुमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या शाळांमध्ये या या ठिकाणी काम अडतं, मी नऊ वर्षं त्या टेबलाच्या पलीकडे होते, आणि आता तपासणीचं तंत्रही शिकले आहे. क्लार्कचं आणि शाळेचं नाव मात्र त्यात घालू नकोस, उगाच त्या बिचाऱ्याच्या गळ्याशी यायचं. असं पत्र उघडून बघणार नाही असा मालक विरळा.

नमुन्याशिवाय जाऊ नकोस. आम्ही छापखान्यात नव्या माणसाला प्रमाणपत्र विचारत नव्हतो. एक गॅली प्रूफ हातात द्यायचो आणि चुका काढायला सांगायचो. तुझा बग रिपोर्ट म्हणजे आमचं प्रूफच आहे. चूक कुठे, कशी केल्यावर दिसते, काय दिसायला हवं होतं, काय दिसतं, किती गंभीर. असे चांगले लिहिलेले रिपोर्ट जवळ ठेव. सगळ्यांना खुली असलेली ॲप घे, त्यांच्या दर्शनी भागातल्या चुका काढ. सरकारी पोर्टलच्या आत घुसून काही मोडतंय का बघायच्या फंदात पडू नकोस, त्याला टेस्टिंग म्हणत नाहीत, त्याला पोलीस म्हणतात.

आणि मराठी! हे शस्त्र तू म्यानातच ठेवलं आहेस. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली तरी ‘दुसऱ्या’मधला ऱ्य आणि ‘आचार्य’मधला र्य यांत घोळ घालणारी ॲप मी रोज बघतो. ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो, पीडीएफ केली की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, नावांची अकारविल्हे यादी करायला सांगितली तर ‘ळ’ भलतीकडे पडतो, लाखाचा स्वल्पविराम चुकीच्या जागी. इंग्रजीत शिकलेल्या टेस्टरला हे दिसतच नाही. फायरफॉक्सची मराठी आवृत्ती आहे, आणि त्यातल्या चुका बगझिलावर नोंदवता येतात. तिथली नोंद सगळ्या जगाला दिसते, तुझ्या नावानं, तारखेसह. मुलाखतीत ती लिंक पुढे कर. अनुभवाचा हा पुरावा कुणाच्या सहीवर अवलंबून नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड येत नसेल तर तेवढा शिकून घे, पंधरवड्याचं काम आहे.

आता जरा कडू. तुझ्या क्लासमधल्या कुणीतरी सुचवलं ना, की दोन वर्षांचा अनुभव दाखव, लेटर आणि सॅलरी स्लिप मिळतात? अजिबात नको. नीतीची गोष्ट बाजूला ठेवू, ती तुला शिकवायला मी कोण. व्यवहाराचं सांगतो. पीएफचा यूएएन एकच असतो आणि त्यात कुठल्या मालकानं किती महिने पैसे भरले ते सगळं दिसतं. कंपन्या आता तो तपासतात. ज्या काळात तू कागदावर टेस्टर आहेस, त्याच काळात तुझ्या खात्यात शाळेनं पैसे भरलेले आहेत. नोकरी लागून सहा महिन्यांनी हे उघडं पडलं तर नुसती नोकरी जात नाही, पुढच्या कंपनीला द्यायला खरं कारणही उरत नाही.

पीएफवरून आठवलं. कोर्सचं कर्ज फेडायला पीएफ काढावा असा विचार तुझ्या मनात घोळतोय म्हणे. पीएफाबरोबर पेन्शनचा भाग असतो. त्याला दहा वर्षांची सेवा पूर्ण लागते, तेव्हा अठ्ठावन्नाव्या वर्षापासून महिन्याची पेन्शन मिळते. तुझी नऊ झाली आहेत. नववं वर्ष सरल्यावर ते पैसे काढून मोकळं होणं म्हणजे शुद्ध अविचार. ते तसंच राहू दे. पुढच्या नोकरीत तोच यूएएन दे, खातं वर्ग करून घे, म्हणजे राहिलेलं एक वर्ष तिथे भरेल. आणि मध्ये फारच गॅप पडली तर पेन्शनसाठी स्कीम सर्टिफिकेट मिळतं, ते मागून घे. बाईनं हिशेबात कच्चं राहू नये, तुझ्या आजीचं हे म्हणणं मला अजून पटतं. पुरुषांनीही राहू नये, पण ते ऐकतात कुठे.

कर्जाचा हप्ता ज्या फायनान्स कंपनीचा आहे, तिचा क्लासशी काही संबंध नाही असं समजूनच चाल. क्लास उद्या बंद पडला, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ हवेत विरली, तरी हप्ता तुझ्याच नावावर राहतो. करारपत्र काढून वाच. प्लेसमेंटबद्दल लेखी काय दिलं आहे? बहुतेक ‘मदत करू’ एवढंच असेल. लेखी असेल तेवढं मागून घे, हक्कानं. मुलाखतींची किमान संख्या लिहिली असेल तर मोजून माग. तोंडी असेल त्यासाठी भांडण्यात दिवस घालवू नकोस.

मुलाखतीच्या आधी ‘सिक्युरिटी डिपॉझिट’, ‘ट्रेनिंग चार्ज’, ‘लॅपटॉपचे पैसे’ मागणारा दिसला की उठायचं. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणाऱ्याकडेही थांबायचं नाही. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. दुसऱ्या कंपनीच्या पेरोलवर कॉन्ट्रॅक्ट मिळत असेल तर नाक मुरडू नकोस. पीएफ कापतात का आणि सॅलरी स्लिप देतात का, हे दोनच प्रश्न विचार. दोन्हीला ‘हो’ आलं तर घे. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं कुणी सांगेल, पण तिला वयाची अट १८ ते ३५ आहे. तू छत्तिशीत आहेस, त्यामागे धावू नकोस.

मुलाखतीत समोर बसलेलं पोर तुझ्या विद्यार्थ्याच्या वयाचं असेल. त्याला ‘अहो’ म्हण आणि शिकवू नकोस. नऊ वर्षं वर्गावर आवाज चढवलेल्या माणसाची एक खोड असते, उत्तर संपल्यावर समोरच्याला ‘समजलं का?’ विचारायची. ती तुझ्यात आहे. परवा जेवताना मलाच विचारलंस. आणि ‘इतक्या उशिरा या क्षेत्रात का आलात?’ याचं उत्तर रडगाण्यात देऊ नकोस. डी.एड. केलेल्यांची गर्दी, २०१३ पासूनची टीईटी, वर्षानुवर्षं रेंगाळलेली भरती, हे सगळं खरं आहे, पण त्या पोराला त्याचं काही देणंघेणं नाही. सांग, की शाळेत चुकलेल्या सॉफ्टवेअरचा त्रास मी भोगला, आता ती चूक शाळेत पोचण्याआधी पकडायची आहे. खोटं काही नाही त्यात.

आणखी एक कोर्स लावू का, हे तू गेल्या महिन्यात दोनदा विचारलंस. नको. नकार येत राहिले की माणसाला पुन्हा विद्यार्थी व्हावंसं वाटतं, तिथे निदान कुणी ‘नाही’ म्हणत नाही. फारच वाटलं तर आयएसटीक्यूबीची पायाभूत परीक्षा दे. ४० प्रश्न, एक तास, ६५ टक्क्यांना पास. त्यापलीकडे एक पैसा खर्च करायचा नाही, निदान पहिला पगार होईपर्यंत. संध्याकाळच्या शिकवण्या चालू ठेव, हप्ता त्यातून निघतो. पण सकाळ शिकवण्यांना देऊ नकोस. सकाळ फोनांची आणि पत्रांची.

नातेवाइकांना ‘लागली का नोकरी?’ याचं एकच उत्तर दे, ‘लागली की पेढे घेऊन येते.’ पुढे बोलू नये.

शाळांची दिवाळीची सुट्टी संपली आहे आणि दुसऱ्या सत्राच्या निकालपत्रकांची घाई अजून सुरू झालेली नाही. क्लार्कला बोलायला सवड असते ती याच दिवसांत. तुझ्या जुन्या शाळेपासून सुरुवात कर, उद्या अकरा वाजता फोन लाव. बायोडेटा मला शनिवारपर्यंत पुन्हा पाठव, शिक्षकी पहिल्या पानावर घेऊन. शुद्धलेखन मी बघून देतो.