‘एस्टॅब्लिश’ : स्थापणे की स्थिर करणे?

मराठी पवित्र शास्त्राशेजारी इंग्रजी बायबल ठेवून अभ्यास करणाऱ्यांना ‘एस्टॅब्लिश’ हा शब्द वारंवार आढळतो, आणि मनात चटकन ‘स्थापन करणे’ हाच अर्थ उभा राहतो. परंतु स्थापना म्हणजे जे नव्हते ते नव्याने उभारणे. या शब्दाचा उगम आहे लॅटिन ‘स्टाबिलिस’, म्हणजे स्थिर. (आपला ‘स्था’ धातू याच गोत्रातला, म्हणून घोटाळा अधिकच सहज होतो.) इंग्लंडच्या मंडळीला ‘एस्टॅब्लिश्ड’ म्हणतात, ते तिला कायद्याचा आधार आहे म्हणून. वेल्समध्ये १९२० साली तो आधार काढून घेण्यात आला. मंडळी मात्र राहिली.

आता उत्पत्ती पाहा. १५:१८ मध्ये परमेश्वर अब्रामाशी करार करतो. तेथील हिब्रू क्रियापद ‘कारात’, म्हणजे कापणे. १७:७ मध्ये मात्र ‘हेकीम’, म्हणजे उभे करणे किंवा उभे ठेवणे, असे क्रियापद आहे आणि इंग्रजीत ‘एस्टॅब्लिश’. येथे ‘स्थापन’ म्हटले की अब्राहामाशी दोन निरनिराळे करार झाले असे वाटू लागते. अनेक अभ्यासकांच्या मते पहिले क्रियापद करार करण्याचे, दुसरे केलेला करार निभावण्याचे. मलाही ते पटते. लेवीय २६:९ मध्ये तोच अर्थ उघड आहे. तथापि उत्पत्ती ६:१८ मध्ये नोहाशी पूर्वी करार झाल्याचा उल्लेख नाही. तेव्हा हा नियम फार ताणू नये.

रोमकरांस ३:३१ येथे मात्र शब्द चुकला तर शिकवणच चुकते. विश्वासाने नियमशास्त्र रद्द होते काय, असा पौलाचा प्रश्न आहे. ‘रद्द करणे’ याच्या उलट ‘कायम ठेवणे’, ‘स्थापणे’ नव्हे. मोशेद्वारे मिळालेले नियमशास्त्र पौल नव्याने कसे स्थापील? याच ग्रीक क्रियापदाचे रूप १०:३ मध्येही येते. पण तेथे लोक देवाचे नीतिमत्त्व सोडून स्वतःचे उभे करू पाहतात. तेथे ‘प्रस्थापित करणे’ शोभते. एकच क्रियापद, पण एकीकडे देवाने दिलेले टिकवणे, दुसरीकडे आपले उभारणे!

स्तोत्र ९०:१७ मध्ये हिब्रू शब्द वेगळा, ‘कून’ या धातूचा. हातांनी काम केलेलेच आहे. ते टिकावे एवढीच विनंती आहे. तेथे मी ‘स्थिर कर’ हेच शब्द ठेवीन.