स्थलांतरित मजुरांचे आरोग्य : औषधांची शिदोरी आणि गावाचे कर्तव्य

धानाची कापणी व मळणी आटोपली, की चामोर्शी तालुक्यातील अनेक गावांतून मजुरांच्या टोळ्या मिरची तोडणीसाठी तेलंगणाची वाट धरतात. कोणी आष्टी, आलापल्ली, अहेरीमार्गे सिरोंच्याकडे जाऊन गोदावरी ओलांडतात, तर कोणी बल्लारपूरहून आगगाडीने वरंगळ, खम्मम या भागांत पोहोचतात. मोहफुले व तेंदूपत्त्याचा हंगाम जवळ आला, की ही मंडळी परततात. दरम्यानचे दोन-तीन महिने त्यांचे वास्तव्य परराज्यात, परभाषेत आणि बहुधा शेताच्या बांधावरील तात्पुरत्या झोपडीत असते.

परदेशी नोकरीस जाणारा मनुष्य निघण्यापूर्वी पारपत्र, लस, औषधे यांची चौकशी करतो. मिरचीच्या शेतावर जाणारे कुटुंबही एका अर्थाने परदेशीच जात असते. पण त्याच्या गाठोड्यात तांदूळ, भांडी व अंथरूण असते, औषधाची चिठ्ठी मात्र क्वचितच असते. गावी सुरू असलेला उपचार गावाबाहेर पाऊल पडताच खंडित होतो आणि अर्धवट राहिलेला आजार अधिक बळावून गावात परततो. हा खंड पडू न देणे, हाच या लेखाचा विषय होय. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांनी मनावर घेतल्यास हे काम अल्प श्रमात होण्यासारखे आहे.

हिवताप : अर्धवट उपचाराचा धोका

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. जंगल, ओढे, धानाच्या बांध्या आणि दीर्घ पावसाळा यांमुळे हिवताप हा येथील जुना शत्रू आहे. या रोगाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो, हे सर रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे शोधून काढले. आपले मजूर ज्या तेलंगणात जातात, त्याच प्रदेशातील हे शहर होय.

आपल्याकडे हिवतापाचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात. फॅल्सिपेरम हा प्रकार अधिक घातक असून तो मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. त्यावर तीन दिवसांचा आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त उपचार आणि प्रायमाक्विनची एक मात्रा देण्यात येते. व्हायव्हॅक्स हा प्रकार तुलनेने सौम्य समजला जातो, परंतु त्याचा परजीवी यकृतात दडून राहतो आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो. म्हणून त्यावर तीन दिवस क्लोरोक्विन व त्यासोबत चौदा दिवस प्रायमाक्विन असा उपचार आहे.

नेमकी येथेच गफलत होते. क्लोरोक्विनने दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, रुग्णास बरे वाटू लागते, टोळीच्या निघण्याचा दिवस येतो आणि उरलेल्या गोळ्या घरातल्या कोनाड्यात राहतात. पुढे शेतावर ताप उलटतो. तेथील डास त्याला चावतात आणि त्याच झोपडीतील इतरांना रोग लागतो. हंगाम संपल्यावर हाच रोग परतीच्या वाहनाने गावात येतो. एका माणसाच्या दहा-बारा गोळ्यांची किंमत अशा रीतीने दोन गावांना मोजावी लागते.

यास्तव पुढील गोष्टी कटाक्षाने पाळल्या जाव्यात. पहिली, जाण्यापूर्वी ज्यास ताप असेल त्याची रक्ततपासणी व्हावी. आशा स्वयंसेविकेजवळील तपासणी पट्टीवर काही मिनिटांत निदान होते. दुसरी, उपचार सुरू असलेल्याने उर्वरित गोळ्या मोजून सोबत घ्याव्यात आणि त्या उपाशीपोटी घेऊ नयेत. तिसरी, प्रायमाक्विन हे औषध गरोदर स्त्रिया व तान्ही बालके यांना देत नाहीत. ज्यांच्या रक्तात जी-६-पी-डी या द्रव्याची जन्मजात कमतरता असते त्यांनाही ते अपायकारक ठरते. म्हणून एकाच्या गोळ्या दुसऱ्याने कदापि घेऊ नयेत. गोळ्या घेताना लघवी काळपट झाल्यास त्या थांबवून तत्काळ दवाखाना गाठावा. चौथी, शासनाने दिलेली औषधयुक्त मच्छरदाणी घरी न ठेवता सोबत न्यावी आणि धुतल्यास सावलीतच वाळवावी. पाचवी, परतल्यानंतर महिन्याभरात ताप आल्यास रक्त तपासून घ्यावे आणि आपण कोठून आलो हे सांगावे.

दीर्घ मुदतीचे उपचार

क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढील चार महिने तीन औषधे. मध्येच खंड पडल्यास जंतू औषधांना दाद देईनासे होतात आणि मग उपचार अधिक लांबतो व कष्टप्रद होतो. या रुग्णाची नोंद ‘निक्षय’ या राष्ट्रीय प्रणालीत असते व त्यास एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक दाखविल्यास देशातील कोणत्याही शासकीय आरोग्य केंद्रात उपचार पुढे चालू ठेवता येतो. जाण्यापूर्वी रुग्णाने केंद्रास कळविले, तर त्याची नोंद दुसऱ्या जिल्ह्याकडे वर्ग करता येते. उपचारकाळात पोषणासाठी मिळणारे साहाय्य १ नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० ऐवजी १,००० रुपये झाले असून ते थेट बँक खात्यात जमा होते.

सिकलसेल हा पूर्व विदर्भात पुष्कळ आढळणारा आनुवंशिक रक्तदोष आहे. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. या आजारात वाहक आणि रुग्ण यांतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे. वाहकास सहसा त्रास नसतो. रुग्णास मात्र ऊन, तहान, अतिश्रम व थंडी यांमुळे सांध्यांत व हाडांत असह्य वेदना उद्भवतात. शक्यतो अशा व्यक्तीस तोडणीच्या कामावर नेऊ नये. जाणे अपरिहार्य असल्यास फॉलिक आम्लाच्या व डॉक्टरांनी दिल्या असल्यास हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या पुरेशा न्याव्यात, तपासणीचे कार्ड जवळ बाळगावे आणि पाणी वरचेवर प्यावे. या रुग्णास आलेला ताप किरकोळ समजू नये.

रक्तदाब, मधुमेह व अपस्मार म्हणजे मिरगी या आजारांच्या गोळ्या एकाएकी थांबविणे धोक्याचे असते. विशेषतः मिरगीचे औषध चुकल्यास झटके लागोपाठ येऊ शकतात. अशा रुग्णांनी आरोग्य केंद्रातून संपूर्ण मुक्कामास पुरेल इतके औषध मागून घ्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, शीतपेटी नसल्यास, ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात औषधाची कुपी पाणी लागणार नाही अशा बेताने ठेवावी. बाष्पीभवनामुळे मडक्यातील हवा थंड राहते.

शेतावरील धोके

मिरचीतील तिखट द्रव्य तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे नुसत्या पाण्याने हात धुऊन आग शमत नाही. आधी खाद्यतेल चोळावे व नंतर साबणाने धुवावे. डोळे चोळू नयेत. तान्ह्या मुलास घेण्यापूर्वी वा पाजण्यापूर्वी आईने हात अवश्य धुवावेत. नाकातोंडावर स्वच्छ फडके बांधावे. दमेकऱ्यास हे काम सोसत नाही.

याहून गंभीर धोका कीटकनाशकांचा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले, ही घटना आपणास विसरता येणार नाही. मिरचीच्या पिकावर फवारणी वारंवार होते. फवारलेल्या शेतात लगेच तोडणीस उतरू नये आणि औषधाच्या रिकाम्या डब्यात पिण्याचे पाणी कधीही भरू नये. घाम, लाळ व उलट्या होणे, डोळ्यांतील बाहुल्या बारीक होणे, श्वास कोंडणे ही विषबाधेची लक्षणे होत. रुग्णाचे कपडे उतरवून अंग साबणपाण्याने धुवावे आणि औषधाचा डबा वा त्यावरील कागद सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. त्या नावावरून डॉक्टरांना उतारा ठरविणे सोपे जाते.

मार्च-एप्रिलच्या उन्हात हगवण व ओकारी यांनी शरीरातील पाणी झपाट्याने घटते. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. आपल्या चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांत वसलेल्या बंगाली बांधवांना निर्वासितांच्या छावण्यांचे हाल निराळे सांगावयास नकोत. जलसंजीवनीची पुडी नसल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ मिसळून द्यावे. मीठ याहून अधिक होता कामा नये. बालकास याबरोबर जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात व अंगावरचे दूध चालूच ठेवावे.

औषधांची शिदोरी

प्रत्येक कुटुंबाने एका झाकणाच्या डब्यात पुढील वस्तू न्याव्यात :

१. सुरू असलेल्या औषधांचा पुरेसा साठा, मूळ वेष्टनासह. पट्टी कापताना नाव व मुदत छापलेला भाग जपावा.
२. डॉक्टरांची चिठ्ठी. तीवर औषधाचे मूळ नाव असावे. व्यापारी नाव प्रांतोप्रांती बदलते, मूळ नाव बदलत नाही.
३. जलसंजीवनीच्या पुड्या व तापासाठी पॅरासिटामॉल. अंगदुखीच्या तीव्र गोळ्या उन्हातान्हात वरचेवर घेतल्यास मूत्रपिंडास इजा पोहोचते.
४. जखमेसाठी स्वच्छ कापूस, पट्टी व जंतुनाशक मलम.
५. माता व बाल संरक्षण कार्ड, आयुष्मान कार्ड, सिकलसेल कार्ड, निक्षय क्रमांक. यांची छायाचित्रे भ्रमणध्वनीतही ठेवावीत.

गरोदर माता शक्यतो शेवटच्या महिन्यांत जाऊ नये. जात असल्यास लोहाच्या गोळ्या व कार्ड सोबत असावे. बालकांचे लसीकरण शासकीय केंद्रांत सर्वत्र विनामूल्य होते. पंचसंयुक्त लस सहा, दहा व चौदा आठवड्यांस असते. मुक्कामात यांतील एखादी तारीख येत असल्यास कार्ड दाखवून तेथेच लस घ्यावी.

सीमेपलीकडील साहाय्य

१०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका महाराष्ट्रात व तेलंगणात दोन्हीकडे विनामूल्य येते. आयुष्मान भारत ही विमा योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तेलंगणा राज्य तीत २०२१ साली सामील झाले. पात्र कुटुंबास दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी वर्षाकाठी पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण संलग्न रुग्णालयांत लाभते.

भाषेची अडचण मात्र कायम असते. तेलुगूत तापास ‘ज्वरम्’, गरोदर स्त्रीस ‘गर्भिणी’ व विषास ‘विषम्’ म्हणतात. हे शब्द आपणास परके नाहीत. औषध म्हणजे ‘मंदु’, पोटदुखी ‘कडुपु नोप्पि’, डोकेदुखी ‘तल नोप्पि’, खोकला ‘दग्गु’, साप ‘पामु’ आणि दवाखाना ‘आसुपत्रि’. एवढे शब्द पाठ असले तरी अडल्या वेळी निभाव लागतो. शाळेतील मुलांनी ते सुवाच्य अक्षरांत लिहून प्रत्येक टोळीस द्यावेत.

आपल्या राज्यातून आखाती देशांत वा अन्यत्र नोकरीस जाणाऱ्यांनाही हेच नियम लागू पडतात. तेथे एक दक्षता अधिक घ्यावी लागते. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत आणि खसखस तर निषिद्ध आहे. तेव्हा चिठ्ठी व पूर्वपरवानगीवाचून अशी औषधे नेऊ नयेत. आफ्रिकेतील अनेक देशांत जाण्यापूर्वी किमान दहा दिवस पीतज्वराची लस घ्यावी लागते.

गावाने काय करावे?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, तेव्हा गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांतील मजूर तेलंगणात अडकून पडले. कोण कोठे आहे, कोणास कोणते औषध हवे, याची नोंद हाताशी असण्याचे मोल त्या वेळी सर्वांस उमगले. आंतरराज्य स्थलांतरित मजुरांना वैद्यकीय सोय पुरविण्याची जबाबदारी १९७९ च्या केंद्रीय कायद्याने कंत्राटदारावर टाकली होती. या कायद्याचा विषय पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत समाविष्ट करण्यात आला. परंतु कायद्याचा आधार घेण्यासाठीही कोण, कोणाबरोबर, कोठे गेले, हे गावास ठाऊक असावे लागते.

म्हणून ग्रामपंचायतीने एक साधी नोंदवही ठेवावी. तीत कुटुंबप्रमुखाचे नाव, जाणारी माणसे, मुकादमाचे नाव व दूरध्वनी, जाण्याचे ठिकाण, सुरू असलेला उपचार आणि परतीचा अंदाजे दिवस एवढे रकाने पुरेत. रोगाचा तपशील आशा स्वयंसेविका व आरोग्य सेवक यांच्यापुरताच राहील, याची काळजी घ्यावी. टोळ्या निघण्यापूर्वी एक दिवस प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साहाय्याने रक्ततपासणी, लसीकरण व औषधवाटप योजावे. टोळी परतली, की आठवड्याभरात पुन्हा एकदा तपासणी व्हावी. शिक्षकांनी आईवडिलांबरोबर जाणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी या नोंदवहीशी ताडून पाहावी. मूल शाळेत दिसेनासे होते, तेव्हा टोळी निघाल्याची पहिली वार्ता बहुधा शिक्षकासच कळते.

पुढील हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय कार्यसूचीवर घेण्यास कोणतीही अडचण नाही. नोंदवहीस लागणारा खर्च नगण्य आहे, औषधे शासनाची आहेत आणि माणसे आपल्याच गावची आहेत.