दुखणं वहीत लिही

पोरी, काल रात्री धुळ्याहून तुझा फोन आला. "आबांचा फुप्फुसाचा कॅन्सर हाडात गेला असेल, असं डॉक्टर म्हणतात," एवढं बोललीस आणि गप्प झालीस. मलाही धड बोलता आलं नाही. तुझ्या मोठ्या मामांना, आमच्या अण्णांना, हेच झालं होतं. जळगावच्या या घरात दीड वर्ष मी त्यांच्या उशाशी होतो. आम्हाला जे उशिरा कळलं ते तुला वेळेवर कळावं, म्हणून हे लिहितोय.

आधी "असेल" हा शब्द नीट ध्यानात घे. हाडाच्या स्कॅनमध्ये ठिपका दिसला म्हणजे तो कॅन्सरच, असं नसतं. जुना मार, संधिवात, हाडाचा क्षयरोग यांचेही ठिपके दिसतात. म्हणूनच डॉक्टर पुढं पेट स्कॅन, एमआरआय सांगतात, कधी हाडाचाच तुकडा तपासतात. पेट स्कॅनला चार ते सहा तास उपाशी जावं लागतं, नुसतं पाणी चालतं. आबांना मधुमेह आहे. त्या दिवशी गोळी घ्यायची की नाही ते आदल्या दिवशीच विचारून ठेव, कारण साखर फार चढली असली तर स्कॅन पुढं ढकलतात. आणखी एक गोष्ट तोंडानं विचार: तुकड्याची ईजीएफआर, एएलके ही जनुकांची तपासणी झाली का? त्यात काही निघालं तर रोजच्या गोळीवर उपचार होऊ शकतो, आजार हाडात गेलेला असला तरी.

आता दुखण्याचं. आपल्याकडचा माणूस दुखतंय म्हणत नाही. अण्णांना कधीही विचारलं की उत्तर एकच, "काही नही व्हयनं." पण पलंगावरून उठण्याआधी ते डावा हात भिंतीला टेकायचे आणि श्वास रोखून दोन क्षण तसेच थांबायचे. चुन्याच्या भिंतीवर त्यांच्या तळव्याचा काळपट डाग पडला होता. महिनाभरात तो ताटलीएवढा झाला. घरात सगळ्यांनी तो पाहिला आणि सगळे म्हणाले, वय झालं. तो डाग म्हणजेच त्यांची तक्रार होती, हे मला फार उशिरा उमगलं.

म्हणून आजच शंभर पानी वही घे. कुठं दुखतं, कधी दुखतं, रात्री झोपमोड होते का, खोकल्यावर कळ येते का, गोळी घेतल्यावर किती वेळ बरं वाटतं, हे रोज लिही. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य, असा आकडा त्यांनाच द्यायला सांग. डॉक्टरांसमोर आबा "बरं आहे" म्हणतील, तेव्हा ती वही पुढं कर. अण्णांच्या वेळी मी वही दाखवली त्या दिवशी औषध बदललं. तोवर आम्ही मेडिकलमधून अंगदुखीच्या गोळ्या आणून देत होतो. त्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात. विचारल्याशिवाय देऊ नको.

मॉर्फीनचं नाव निघालं की घरातले हबकतात. आता शेवट आला, असं वाटतं. तसं नसतं. दुखणं जबर असलं की ते औषध देतात, आणि दुखणं थांबलं की माणूस जेवतो, बोलतो, झोपतो. फक्त घड्याळ लावून दे, कळ यायची वाट पाहू नको. त्यानं पोट घट्ट होतं, म्हणून जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घे. एखाद्या हाडात फार दुखत असेल तर रेडिएशनचं विचार. पुष्कळदा एकच बैठक पुरते. आराम पडायला आठवडा-दोन आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि मधले काही दिवस दुखणं उलट वाढू शकतं. तेव्हा घाबरू नको.

हाडं सावरायला झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं सलाईन देतात. त्याआधी आबांचे दात दाखवून आण. किडका दात काढायचा तर तो आधीच काढावा, नंतर काढला तर जबड्याचं हाड चिघळू शकतं. दर वेळी क्रिएटिनिनही तपासायचं असतं. आणि शेजारी सांगतील, हाडं ठिसूळ झाली, कॅल्शियम द्या. मनानं देऊ नको. या आजारात रक्तातलं कॅल्शियम आधीच वाढलेलं असू शकतं. वाढलं की तहान फार लागते, लघवी वारंवार होते, पोट साफ होत नाही, माणूस गुंगीत राहतो, असंबद्ध बोलतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा तहान आणि गुंगी सगळे उन्हावर ढकलतात. तू ढकलू नको. रक्त तपासून घे.

आता जे सांगतो ते लिहिताना हात थबकतो. अण्णांची कंबर आणि मांडी धरली म्हणून मीच एका हाडवैद्याला घरी आणलं. त्यानं तेल लावून चांगलं रगडलं. तिसऱ्या दिवशी मोरीच्या उंबऱ्यावर पाय वळला आणि मांडीचं हाड मोडलं. रगडल्यानंच मोडलं असं मी म्हणू शकत नाही, पण ते हाड आतून पोखरलेलं होतं आणि मी त्यावर जोर लावू दिला. आबांच्या अंगाला मालिश नको. हलका हात फिरव, तेवढा बस. मोरीतलं ओलं फडकं, दारातल्या चपला, निसटणारी सतरंजी उचल. झोळ पडलेली बाज काढून सपाट पलंग घाल. कुशीवर वळवताना हात धरून ओढू नको. अंगाखाली दुहेरी चादर घाल आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून खांदे आणि कंबर एकदमच वळवा.

मोटारसायकलवर मागं बसवून दवाखान्यात न्यायचं नाही, जवळ असला तरी. धुळ्याहून पारोळा, एरंडोलमार्गे इकडं यायचं झालं तर एसटीच्या मागच्या बाकावर नको, मधल्या सीटवर बसव. मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलला जाणं झालं तर रेल्वे बरी, खालचा बर्थ घे. दवाखान्याकडून सवलतीचा फॉर्म भरून घेऊन तिकीट खिडकीवर काढ. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला पूर्ण सूट आहे, सोबतच्या एकाला 75 टक्के. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. निघण्याआधी फोन करून जागा विचार. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेव. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, पैसे भरण्याआधी त्याला भेट.

आबांपासून लपवू नको. अण्णांना सगळं कळत होतं, आणि आम्ही दाराआड कुजबुजायचो. एक दिवस ते म्हणाले, "मले सांगा ना रे." त्या दिवसापासून घर हलकं झालं. भरीत मागितलं तर दे, भाकरी चावत नसेल तर दुधात कुस्करून दे.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. पाय जड झाले, मुंग्या येतात, चालताना पाय लटपटतात, लघवी अडली किंवा नकळत झाली, यातलं एकही आबा म्हणाले तर मणक्यातल्या नसेवर दाब आला असेल असं समज. तिथं हिशेब तासांचा असतो. पाय पुरते गेल्यावर ते परत येतीलच, याची खात्री नसते. आबांना सपाट झोपव, 108 ला फोन लाव आणि कॅन्सर आहे हे पहिल्याच वाक्यात सांग. रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नको. मला नंतर कळव.