शेलची स्वयंचलित तपासणी : भिवंडीच्या मागावरून एक पाठ

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे मालेगाव आणि इचलकरंजीप्रमाणेच महाराष्ट्रातील यंत्रमागांचे एक प्रमुख केंद्र आहे. अलीकडच्या काळात माणकोली, राहनाळ, वळ, पूर्णा, दापोडा या परिसरात उभ्या राहिलेल्या गोदामांमुळेही या गावाचे नाव सर्वदूर पोहोचले आहे. मागावर विणलेल्या कापडाचा हिशेब असो अथवा गोदामातील मालाची आवक-जावक असो, आज ही कामे संगणकावर होतात. संगणकाने दिलेला हिशेब बरोबर असतो, असे सर्वसामान्य माणूस गृहीत धरतो. पण हा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम तपासून घेतला आहे काय, आणि तो कसा तपासावा, या प्रश्नाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. माणसाशी प्रश्नोत्तरे करीत चालणारे प्रोग्रॅम यंत्राकडूनच कसे तपासून घेता येतात, याची ओळख करून देणे हा या पाठाचा हेतू आहे.

मागावरील पहारेकरी

साध्या यंत्रमागावर धोटा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो आणि आडवा धागा, म्हणजे बाणा, टाकतो. हा धागा मध्येच तुटला आणि माग तसाच चालत राहिला, तर कापडात पट्टा पडतो व तागा खराब होतो. हे टाळण्यासाठी मागाच्या एका बाजूस लहानसा काटा बसविलेला असतो. धागा जागेवर असेल तर तो काट्याला ढकलतो आणि माग चालू राहतो. धागा नसेल तर काटा ढकलला जात नाही, त्याचे टोक हातोडीत अडकते आणि माग बंद पडतो. बाजूस बसविलेला असा काटा दर दुसऱ्या फेरीस धागा तपासतो. मधोमध बसविलेला काटा प्रत्येक फेरीस तपासतो. उभ्या धाग्यांसाठी, म्हणजे ताण्यासाठी, स्वयंचलित मागावर प्रत्येक धाग्यावर पातळ धातूची पट्टी लोंबत असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग थांबतो.

साध्या मागांना अशी साधने जोडून त्यांची सुधारणा करण्यास केंद्र शासनाच्या 'पॉवरटेक्स इंडिया' योजनेत साहाय्याची तरतूद होती. या योजनेचा शुभारंभ १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडी येथेच झाला होता. या साधनांमागील तत्त्व साधे आहे. माणसाची नजर थकते. काटा थकत नाही. तपासणी कामाच्या ओघातच, वारंवार आणि न चुकता झाली पाहिजे, आणि दोष आढळताच काम थांबले पाहिजे. संगणकाच्या प्रोग्रॅमची स्वयंचलित तपासणी याच तत्त्वावर उभी आहे.

शेल म्हणजे काय?

संगणकाशी बोलण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे पडद्यावरील चित्रांवर बोट किंवा माऊस ठेवून काम करणे. दुसरा म्हणजे आज्ञा टंकलिखित करून देणे. दुसऱ्या मार्गाने दिलेली आज्ञा वाचून ती संगणकाकडून पार पाडून घेणाऱ्या प्रोग्रॅमला 'शेल' म्हणतात. युनिक्स या प्रणालीसाठी केन थॉम्सन यांनी १९७१ मध्ये पहिले शेल लिहिले. स्टीफन बोर्न यांचे शेल १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये 'बॅश' हे शेल तयार केले आणि आज जगातील असंख्य संगणकांवर ते वापरले जाते.

शेल दोन रीतींनी चालते. आज्ञांची यादी एका फाइलमध्ये लिहून दिली, तर ते मुकाट्याने एकेक आज्ञा पार पाडते. समोर माणूस बसला असेल, तर मात्र ते सूचकचिन्ह, म्हणजे प्रॉम्प्ट, दाखवून आज्ञेची वाट पाहते, चुकलेले अक्षर खोडू देते, टॅब कळ दाबल्यास अपुरे नाव पुरे करते आणि कंट्रोल-सी दाबताच चालू काम थांबविते. या दुसऱ्या रीतीस संवादी रीत म्हणता येईल. पहिल्या रीतीची तपासणी सोपी आहे. दुसरीची अवघड आहे, कारण तेथे काय लिहिले याबरोबरच ते केव्हा लिहिले, हेही महत्त्वाचे ठरते.

नळी आणि आभासी टर्मिनल

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कारखान्यात विणकरांनी किती मीटर कापड विणले याची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्रॅम आहे. मजुरी विणलेल्या मीटरवर ठरते. पंधरवडा संपला की प्रोग्रॅम विचारतो : 'जुन्या नोंदी पुसून नवे खाते सुरू करावे काय? हो किंवा नाही.' येथे चूक झाली तर विणकराने रात्रपाळीत केलेल्या कामाचा पुरावाच नाहीसा होईल. म्हणून या एका प्रश्नाची कसून तपासणी होणे आवश्यक आहे.

वरवर पाहता उत्तरे एका फाइलमध्ये लिहून ती नळीवाटे प्रोग्रॅमला पुरविली की काम झाले, असे वाटेल. पण यात तीन अडचणी आहेत. पहिली अशी की, समोर टर्मिनल आहे की नळी, हे प्रोग्रॅमला कळते आणि त्यानुसार त्याचे वागणे बदलते. नळी दिसताच शेल प्रॉम्प्ट दाखवीत नाही आणि खोडण्याची सोयही देत नाही. अनेक प्रोग्रॅम तर आपला मजकूर साठवून ठेवतात व एकदम बाहेर टाकतात. दुसरी अडचण अशी की, परवलीचा शब्द विचारणारे प्रोग्रॅम तो बहुधा थेट टर्मिनलवरूनच वाचतात. नळीतून आलेला शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. तिसरी सर्वांत महत्त्वाची. कंट्रोल-सी या कळीतून ३ क्रमांकाचा बाइट निघतो. टर्मिनल त्याचे रूपांतर 'काम थांबवा' या संकेतात करते. नळीतून मात्र तो बाइट नुसती माहिती म्हणून वाहून जातो.

या तिन्ही अडचणींवरील उपाय म्हणजे आभासी टर्मिनल. ही एक जोडी असते. तिच्या एका टोकास तपासला जाणारा प्रोग्रॅम असतो आणि आपल्यापुढे खरेच टर्मिनल आहे, असे त्याला वाटते. दुसऱ्या टोकास माणसाऐवजी तपासणारा प्रोग्रॅम बसतो. तो कळा 'दाबतो' आणि पडद्यावर जे उमटले असते ते वाचतो. या सोयीवर आधारलेले 'एक्स्पेक्ट' हे साधन अमेरिकेतील राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेत डॉन लिब्स यांनी तयार केले आणि १९९० मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याची रीत नावातच आहे : अमुक मजकूर येण्याची अपेक्षा करा, तो आला की तमुक उत्तर पाठवा. ग्नू प्रकल्पातील 'डेजाग्नू' ही तपासणी-व्यवस्था याच साधनावर उभारलेली आहे. पायथॉन भाषेत 'पीएक्स्पेक्ट' हे तशाच धर्तीचे साधन उपलब्ध असून 'फिश' या शेलच्या संवादी वागण्याची तपासणी करण्यासाठी त्याचा उपयोग केला जातो. ही सर्व साधने विनामूल्य आहेत.

तपासनीसच फसतो तेव्हा

साधन हाती आले म्हणजे तपासणी खरी झाली, असे नव्हे. पुढील चुका वारंवार आढळतात.

पहिली चूक प्रतिध्वनीची. माणूस जे टंकतो ते टर्मिनल पडद्यावर पुन्हा उमटविते. तपासणाऱ्याने ''झाले' असे छाप' अशी आज्ञा पाठवून 'झाले' या शब्दाची वाट पाहिली, तर तो शब्द त्याला स्वतःच्याच आज्ञेत सापडतो. शेल बंद पडले असले तरी तपासणी उत्तीर्ण! म्हणून आज्ञेत नसलेले उत्तर मागावे. २१ गुणिले २ किती, असे विचारावे आणि ४२ ची वाट पाहावी. ४२ हा आकडा आज्ञेत नाही. तो आला तर आज्ञा खरोखर पार पडली.

दुसरी चूक वेळेची. 'दोन सेकंद थांबा आणि उत्तर पाठवा' असे लिहिलेली तपासणी वेगवान संगणकावर चालते आणि कामाच्या बोजाखालील संगणकावर अधूनमधून फसते. अशा लहरी तपासणीवरील विश्वास हळूहळू उडतो आणि पुढे खरा दोषही दुर्लक्षिला जातो. म्हणून घड्याळाची नव्हे, तर प्रश्नाची किंवा प्रॉम्प्टची वाट पाहावी. वेळेची मर्यादा ठेवावी, पण ती केवळ अपयश जाहीर करण्यासाठी. एक्स्पेक्टमध्ये ही मर्यादा मुळात १० सेकंदांची असते आणि गरजेनुसार बदलता येते.

तिसरी चूक परिस्थितीची. प्रत्येकाचा प्रॉम्प्ट, रंग, भाषा आणि पडद्याची रुंदी वेगळी असते. तपासणीपूर्वी या सर्व गोष्टी ठरवून द्याव्यात. प्रॉम्प्ट साधा व एकमेव असावा आणि पडदा, उदाहरणार्थ, ८० स्तंभ व २४ ओळींचा धरावा. टर्मिनल ओळीच्या शेवटी दोन चिन्हे पाठविते, एक नाही, हेही ध्यानात घ्यावे.

मराठी उत्तराची कसोटी

मराठी वापरणाऱ्यांसाठी याहूनही महत्त्वाची एक बाब आहे. युनिकोडमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह स्वतंत्र असते आणि यूटीएफ-८ पद्धतीत ते ३ बाइटांत साठविले जाते. 'भिवंडी' या शब्दात वाचकाला भि, वं, डी अशी ३ अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने त्यात ६ चिन्हे आहेत आणि संगणकात १८ बाइट साठतात. मग खोडण्याची कळ एकदा दाबली असता नेमके किती खोडले जावे?

वरील प्रोग्रॅमचाच प्रसंग पाहा. 'हो' या शब्दात ह आणि ओकाराची मात्रा अशी २ चिन्हे, म्हणजे ६ बाइट आहेत. कारकुनाने चुकून 'हो' टंकले आणि खोडण्याची कळ एकदा दाबली. लिनक्सच्या टर्मिनलला यूटीएफ-८ ची सूचना दिलेली नसेल, तर एकच बाइट खोडला जातो आणि मागे तुटके चिन्ह उरते. सूचना दिलेली असेल, तर फक्त मात्रा जाते आणि 'ह' उरतो. पडद्यावर मात्र अक्षर पूर्ण गेल्यासारखे दिसू शकते. कारकून आता 'नाही' टंकतो. प्रोग्रॅमच्या हाती 'हनाही' येते. प्रोग्रॅम उत्तराचे केवळ पहिले चिन्ह पाहत असेल, आणि पुष्कळ प्रोग्रॅम तसेच लिहिलेले असतात, तर तो त्याचा अर्थ 'हो' असा घेईल आणि नोंदी पुसून टाकील. माणसाने नकार दिला. यंत्राने होकार ऐकला.

हा दोष प्रोग्रॅम नुसता वाचून सहसा लक्षात येत नाही. फाइलमधून 'नाही' हे उत्तर पुरवून केलेल्या तपासणीतही तो दिसत नाही, कारण तेथे खोडण्याची क्रियाच घडत नाही. आभासी टर्मिनलवर ह, मात्रा, खोडणे आणि 'नाही' हा क्रम पाठविला तरच तो उघड होतो. त्या टर्मिनलची यूटीएफ-८ ची सूचना प्रत्यक्ष वापरातील टर्मिनलसारखीच ठेवली पाहिजे. उपायही सोपा आहे : संपूर्ण शब्द जुळल्याखेरीज उत्तर स्वीकारू नये आणि न जुळल्यास प्रश्न पुन्हा विचारावा.

अभ्यासासाठी क्रम

संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी असा छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहून पुढील सहा प्रसंग तपासून पाहावेत.

१. 'हो' असे उत्तर : नवे खाते सुरू व्हावे.
२. 'नाही' असे उत्तर : एकही नोंद बदलू नये.
३. नुसती एंटर कळ : नोंदी सुरक्षित राहाव्यात. मौन म्हणजे संमती नव्हे.
४. असंबद्ध उत्तर : प्रश्न पुन्हा विचारला जावा.
५. 'हो' टंकून, एकदा खोडून 'नाही' : नोंदी पुसल्या जाऊ नयेत.
६. लेखन चालू असताना कंट्रोल-सी : फाइल एकतर पूर्ण जुनी असावी किंवा पूर्ण नवी, अर्धवट नसावी. यासाठी नवी फाइल आधी वेगळ्या नावाने पूर्ण लिहून मग तिचे नाव बदलावे. या संकेताने प्रोग्रॅम थांबला असता बॅश शेल १३० हा समाप्ती-क्रमांक देते, तोही तपासावा.

प्रत्येक प्रसंगी पडद्यावरील मजकुरावर न थांबता प्रत्यक्ष नोंदींची फाइल उघडून पाहावी. 'नोंदी सुरक्षित आहेत' असे पडद्यावर उमटणे आणि त्या खरोखर सुरक्षित असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. तसेच प्रोग्रॅममध्ये मुद्दाम एक चूक करून तपासणी ती पकडते की नाही, हेही पाहावे. धागा नसतानाही जो काटा माग थांबवीत नाही, तो असून नसल्यासारखाच होय.

प्रोग्रॅममध्ये बदल केला की हे सहाही प्रसंग पुन्हा चालवावेत. यंत्राला त्यास काही क्षणच लागतात. मागावरील काटा विणकराची जागा घेत नाही. तो विणकराचे श्रम वाया जाऊ देत नाही. स्वयंचलित तपासणीचे कार्यही तेवढेच आणि तितकेच मोलाचे आहे. पंधरवड्याच्या शेवटी विणकराच्या हाती पडणारी मजुरी त्याने विणलेल्या प्रत्येक मीटरची असावी, ही जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची आहे, आणि ती पार पाडण्याचे साधन त्याच्या हाती आहे.